न्युमोनियाची सुई मोठ्यांनी घ्यावी का? ती काय थांबवते आणि काय नाही

डिसेंबर लागला, ग्वाल्हेरात धुकं उतरायला लागलं की आपल्या लष्कर भागातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन गोष्टी हमखास फिरतात, एक मेळ्याचे फोटो आणि दुसरी न्युमोनियाच्या लशीची पोस्ट. पोस्टमध्ये लिहिलेलं असतं की साठीनंतर एकदा सुई घ्या, आयुष्यभर न्युमोनिया होणार नाही. त्याखाली लगेच कोणीतरी टाकतं की आमच्या काकांनी घेतली होती तरी झालाच, सगळा पैशाचा खेळ आहे. मग दिवसभर दोन्हीकडून मेसेज, आणि ज्यांच्या घरी सत्तरीचे आईवडील आहेत ती माणसं होती त्यापेक्षा जास्त गोंधळून बसतात. मला विचाराल तर दोन्ही बाजूंचं एकाच ठिकाणी चुकतंय, ती लस नेमकी कशावर आहे हेच कोणी बघत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

न्युमोनिया कशाकशाने होतो

आपल्या फुफ्फुसात शेवटच्या टोकाला बारीक बारीक हवेच्या पिशव्या असतात, तिथून ऑक्सिजन रक्तात जातो. त्या पिशव्यांत सूज येऊन पाणी आणि पू भरला की त्याला न्युमोनिया म्हणतात. आता तो कशाने भरला याची कारणं ढीगभर. फ्लूचा व्हायरस, कोविड, आरएसव्ही नावाचा छातीला धरणारा व्हायरस, साध्या सर्दीचे व्हायरससुद्धा, शिवाय बॅक्टेरिया अनेक तऱ्हेचे, आणि आपल्याकडे टीबी आहेच. अमेरिकेत शिकागो आणि नॅशव्हिलच्या हॉस्पिटलांत न्युमोनियाने भरती झालेल्या मोठ्या माणसांची कसून तपासणी झाली होती, 2015 मध्ये ते छापून आलं, तर इतक्या टेस्ट करूनही शंभरातल्या फक्त 38 जणांत कुठला ना कुठला जंतू हाती लागला. बाकीच्यांत काहीच सापडलं नाही. म्हणजे जिथे सगळ्या सोयी आहेत तिथेही बहुतेक वेळा कारण कळत नाही, कारण नमुना थेट फुफ्फुसातून सहज काढता येत नाही, बहुतेक वेळा थुंकी, रक्त अशा नमुन्यांवरच भागवावं लागतं.

या सगळ्या गर्दीत एक बॅक्टेरिया फार जुना आणि फार वाईट, त्याचं नाव न्युमोकोकस. जगभरात छातीच्या इन्फेक्शनने जे मृत्यू होतात त्यात सगळ्यात मोठा वाटा याच एका जंतूचा धरला जातो. आणि ज्या सुईची चर्चा चाललीय ती फक्त याच्यावरची आहे. फ्लूवर नाही, कोविडवर नाही, टीबीवर नाही. हे एवढं जरी पोस्टमध्ये लिहिलं असतं तरी अर्धं भांडण मिटलं असतं.

हातात न येणारा पैलवान

न्युमोकोकस 1881 मध्ये दोन माणसांनी वेगवेगळ्या देशांत जवळजवळ एकाच वेळी शोधला, फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग. स्टर्नबर्गला तो स्वतःच्याच थुंकीत सापडला होता, आणि तो स्वतः धडधाकट होता. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. हा जंतू बऱ्याच लोकांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, नाकाच्या मागच्या भागात मुक्काम ठोकून असतो आणि काही करत नाही. फ्लू झाला, दारू-सिगारेटने छाती कमजोर झाली, वय झालं, शुगर वाढली, अशा वेळी तो खाली फुफ्फुसात उतरतो. 1918 च्या मोठ्या फ्लूच्या साथीत जी माणसं गेली त्यातली बहुतेक फ्लूनंतर आलेल्या अशाच बॅक्टेरियांच्या न्युमोनियाने गेली असं आता मानतात.

आपल्या रक्तात जंतूंना पकडून गिळून टाकणाऱ्या पेशी असतात, मग याला का नाही पकडत? कारण याच्या अंगावर साखरेच्या लांबलचक साखळ्यांचं एक गुळगुळीत आवरण असतं. आखाड्यात एखादा अंगाला तेल चोपडून उतरला तर त्याला कितीही ताकदीचा माणूस धरू शकत नाही, हात सटकतो. त्याच्या अंगावर मूठभर माती टाकली की मग पकड बसते. ती माती म्हणजे अँटिबॉडी, म्हणजे त्या आवरणाला ओळखून जाऊन चिकटणारी आपल्या शरीराची प्रथिनं. अँटिबॉडी चिकटली की पेशी त्याला धरतात आणि संपवतात. लंडनच्या फ्रेडरिक ग्रिफिथने 1928 मध्ये उंदरांवर दाखवलं होतं की हे आवरण नसलेला न्युमोकोकस टोचला तर उंदराला काही होत नाही आणि आवरण असलेला टोचला तर उंदीर मरतो. त्याच प्रयोगाचा धागा धरून पुढे 1944 मध्ये डीएनए हाच आनुवंशिकतेचा पदार्थ आहे हे सिद्ध झालं, तो विषय निराळा, पण या एका जंतूने विज्ञानाला काय काय दिलंय ते बघा.

अडचण अशी की हे आवरण सगळ्या न्युमोकोकसचं एकसारखं नसतं. शंभराच्या वर प्रकार आहेत, त्यांना नंबर दिलेत, 3 नंबर, 14 नंबर, 19ए वगैरे. एका प्रकाराची अँटिबॉडी दुसऱ्याला सहसा चालत नाही. म्हणून लशीच्या नावापुढे तो आकडा असतो, 10, 13, 15, 20, 23. तितक्या प्रकारांवर ती लस. जास्त आकडा म्हणजे जास्त जोरदार औषध असं नाही, जास्त प्रकार इतकंच.

दोन जातीच्या लशी

पहिली जात जुनी. त्यात वेगवेगळ्या प्रकारांच्या आवरणाची नुसती साखर असते, जिवंत किंवा मेलेला जंतू अजिबात नसतो. (ही साखर चहातली नव्हे, आणि मायक्रोग्रॅममध्ये असते, शुगरवाल्यांनी घाबरायचं कारण नाही.) 1977 मध्ये अमेरिकेत 14 प्रकारांची आली, 1983 मध्ये 23 प्रकारांची, ती अजूनही मिळते. पण नुसत्या साखरेला शरीर अर्धवट उत्तर देतं. अँटिबॉडी तयार होतात, पण पुढच्या वेळी ओळख ठेवणाऱ्या पेशी नीट तयार होत नाहीत, काही वर्षांत असर उतरतो, आणि दोन वर्षांखालच्या मुलांत तर ती चालतच नाही.

दुसरी जात म्हणजे कॉन्जुगेट, जोडलेली. त्यात तीच साखर एका प्रथिनाला जोडलेली असते, बऱ्याच लशींत ते प्रथिन घटसर्पाच्या विषाचं निरुपद्रवी केलेलं रूप असतं. प्रथिन दिसलं की शरीराची दुसरी फळी, टी-पेशी, कामाला लागते, आणि मग ओळख टिकते. याच जोडणीमुळे ही लस तान्ह्या बाळांना देता येते. मुलांसाठी 2000 मध्ये 7 प्रकारांची आली, 2010 मध्ये 13 ची, पुढे मोठ्यांसाठी 15 ची, 20 ची आणि 2024 मध्ये अमेरिकेत 21 ची.

हॉलंडमधली 84 हजार माणसं

आता मुख्य प्रश्न, मोठ्यांना फायदा किती होतो. यावर सगळ्यात मोठा अभ्यास नेदरलँड्समध्ये झाला, 65 आणि त्यापुढच्या वयाची 84,496 माणसं घेतली, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एकाला 13 प्रकारांची जोडलेली लस आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी रिकामी सुई, कोणाला काय मिळालं हे ना पेशंटला माहीत ना डॉक्टरला. साधारण चार वर्षं लक्ष ठेवलं. 2015 मध्ये निकाल छापून आला. हा निकाल मी जरा सावकाश सांगते, कारण ग्रुपवरची दोन्ही बाजूची मंडळी याच अभ्यासातला आपल्या सोयीचा एकेक आकडा उचलतात.

लशीत असलेल्या 13 प्रकारांपैकी एखाद्याने न्युमोनिया झाला, अशी माणसं रिकाम्या सुईच्या गटात 90, लशीच्या गटात 49. म्हणजे साधारण 46 टक्के घट. हेच प्रकार रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरले, जो सगळ्यात घातक प्रकार, अशी माणसं 28 विरुद्ध 7, म्हणजे 75 टक्के घट. हे आकडे चांगलेच आहेत.

पण कुठल्याही कारणाने झालेला न्युमोनिया मोजला तर 787 विरुद्ध 747. फरक पाच टक्क्यांचा, आणि तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. एकूण मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. आणि 90 मधून 49 वजा केले की राहतात 41, म्हणजे साधारण हजार म्हाताऱ्यांना सुई दिली तेव्हा चार वर्षांत या प्रकारांचा एक न्युमोनिया टळला.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ज्या गोष्टीवर ती लस बनवलीय ती गोष्ट ती जवळजवळ निम्म्याने कमी करते, रक्तात पसरणं तर त्याहून जास्त. आणि न्युमोनियाच्या एकूण पसाऱ्यात ती गोष्ट म्हणजे एक भाग. ज्याचा मूळ धोका कमी त्याला फायदा थोडा, ज्याचा मूळ धोका जास्त त्याला त्याच सुईचा फायदा कितीतरी पट.

हा अभ्यास लस बनवणाऱ्या कंपनीच्या पैशाने झाला होता हेही सांगायला हवं. पण त्याच अभ्यासात एकूण न्युमोनिया आणि मृत्यू फारसे घटले नाहीत हे लपवलेलं नाही, तेही छापलंय, म्हणून मी त्यावर भरवसा ठेवते. जुन्या 23 वाल्या लशीबद्दल जपानमध्ये वृद्धाश्रमांतल्या हजारएक लोकांवर अभ्यास झाला, 2010 मध्ये आला, त्यात न्युमोकोकसचा न्युमोनिया निम्म्याहून जास्त कमी झाला. तरी बाकीचे अभ्यास पाहता त्या लशीबद्दल खात्रीने एवढंच म्हणता येतं की रक्तात पसरणाऱ्या रोगावर ती चांगली आहे, नुसत्या फुफ्फुसातल्या न्युमोनियावर तिचे निकाल कधी बरे कधी नाही असे येतात.

"आमच्या काकांनी घेतली होती, तरी झाला"

होऊ शकतो, आणि त्यात लस खोटी ठरत नाही. काकांचा न्युमोनिया फ्लूचा असेल, दुसऱ्या बॅक्टेरियाचा असेल, न्युमोकोकसचाच पण लशीत नसलेल्या प्रकाराचा असेल, किंवा 3 नंबरचा असेल, तो लशीत असूनही त्याचं आवरण इतकं जाड आणि सुटं होणारं की त्याच्यावर लस कमी चालते. आणि निम्म्याने घट म्हणजे ज्यांना तो होणार होता त्यातल्या उरलेल्या निम्म्यांना होणारच ना. ज्यांना लशीमुळे झाला नाही ते ग्रुपवर येऊन सांगत नाहीत, कारण त्यांना ते कळायचा काही मार्गच नाही.

"अँटिबायोटिक आहेत की"

हा आक्षेप नवा नाही, याच विचाराने एकदा लस गुंडाळून ठेवली होती. 1940 च्या दशकात अमेरिकेत न्युमोकोकसची लस निघाली होती, फौजेतल्या जवानांवर चाललीही होती, पण तेवढ्यात पेनिसिलिन आलं, डॉक्टरांना वाटलं आता लस कशाला, कोणी घेईना, कंपनीने ती बंद केली. मग रॉबर्ट ऑस्ट्रियन नावाच्या डॉक्टरने आपल्या पेशंटांचे कागद वर्षानुवर्षं जमवून 1964 मध्ये दाखवलं की जंतू रक्तात गेलेले पेशंट पेनिसिलिनने पुष्कळ वाचतात खरे, पण जे पहिल्या पाच दिवसांत जातात त्यांच्यावर औषधाचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. औषध चालू होईपर्यंत नासाडी होऊन गेलेली असते. त्या माणसाने मग पुढची वर्षं लस परत आणण्यातच घातली, दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतल्या मजुरांवर चाचण्या केल्या, आणि 1977 ची लस त्यातून आली. आज औषधं चांगली आहेत, आयसीयू आहेत, पण पहिल्या काही दिवसांची ती अडचण संपलेली नाही, उलट पेनिसिलिनला दाद न देणारे न्युमोकोकस वाढले.

म्हाताऱ्या माणसांत तर आजार ओळखायलाच उशीर होतो. आमच्या ओळखीतल्या एका आजींचं सांगते. जानेवारीतली सकाळ, दोन रजया अंगावर, ताप फार नाही, खोकलाही नावाला. फक्त चहा तसाच निवून गेला आणि नातवाला त्या आपल्या भावाच्या नावाने हाक मारत होत्या. घरच्यांना वाटलं थंडीने आणि वयाने असं होतंय. सून हुशार, तिने घड्याळ लावून श्वास मोजले, मिनिटाला 34. एक्स-रेत उजवीकडे खाली पांढरा डाग निघाला. वयस्कर माणूस अचानक गोंधळलेलं बोलायला लागलं, जेवण सोडलं, तोल जाऊन पडलं, आणि श्वास मिनिटाला 30 च्या वर गेला तर तापाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आजींच्या रिपोर्टमध्ये सीआरपी, म्हणजे इन्फेक्शन-सूज असली की रक्तात वाढणारं एक प्रथिन, खूप वाढलेलं होतं. ही जी सीआरपी टेस्ट आज गल्लीतल्या लॅबमध्येही होते तीसुद्धा न्युमोकोकसचीच देणगी, 1930 मध्ये याच न्युमोनियाच्या पेशंटांच्या रक्तात ते प्रथिन पहिल्यांदा सापडलं, या जंतूच्या सी नावाच्या साखरेला चिकटतं म्हणून त्यात तो सी.

आणि न्युमोनिया बरा झाला म्हणजे सुटलो असंही नाही. हॉस्पिटलात राहून आलेल्या वयस्कर लोकांत पुढचे महिने हार्ट ॲटॅक आणि लकव्याचा धोका वाढलेला राहतो, पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त. घरात हार्टचा पेशंट असेल तर हे ध्यानात ठेवायला हवं.

"लहान मुलांना देतात ना, मग आम्हाला कशाला"

यात अर्धं खरं आहे आणि ते फार छान आहे. आपल्या सरकारी लसीकरणात जोडलेली लस 2017 मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाली, मध्य प्रदेशात 2018 पासून, आणि 2021 मध्ये सगळ्या देशात. बाळाला दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी तीनदा फुकट मिळते. आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 10 प्रकारांची स्वतःची लस काढली. लस घेतलेल्या मुलाच्या नाकात ते प्रकार कमी राहतात, म्हणजे मांडीवर बसून आजोबांच्या तोंडावर शिंकणाऱ्या नातवाकडून ते आजोबांपर्यंत येतच नाहीत. अमेरिकेत 2000 नंतर मुलांना लस सुरू झाली आणि ज्यांना सुई दिलीच नव्हती त्या म्हाताऱ्यांतही ते प्रकार झपाट्याने घटले. इतके की 2019 मध्ये तिथे सांगितलं गेलं की 65 वरच्या सरसकट सगळ्यांना 13 ची लस द्यायची गरज नाही, डॉक्टर आणि पेशंटने बोलून ठरवावं.

पण मोकळ्या झालेल्या जागेवर दुसरे प्रकार येऊन बसतात, तेही झालं, म्हणून 13 वरून 20 आणि 21 कडे जावं लागलं. आता 2024 पासून तिथे 50 च्या पुढच्या सगळ्यांना या नव्या लशी सुचवतात. या नव्या लशींबद्दल एक गोष्ट स्पष्ट असू द्या, त्यांना परवानगी मिळाली ती अँटिबॉडी पुरेशा बनतात या मोजणीवर, हॉलंडसारखा हजारो लोकांचा अभ्यास त्यांच्यासाठी पुन्हा केलेला नाही.

मग कोणी घ्यावी

माझं मत सांगते, शेवटी तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. 65 च्या वर वय आणि सोबत शुगर, हार्ट, दमा किंवा सीओपीडी (फुफ्फुसाचा जुनाट आजार), किडनी किंवा लिव्हरचा आजार यातलं काही असेल तर पैसे काढून घ्यावी. वय कमी असलं तरी प्लीहा काढलेली आहे, केमो चालू आहे, किडनी बसवलीय, एचआयव्ही आहे, त्यांनी तर विचारत बसू नये, लगेच डॉक्टरांकडे विषय काढावा. हॉलंडच्या अभ्यासात नंतर वेगळा हिशोब काढला तेव्हा शुगरवाल्यांत फायदा बराच जास्त दिसला, असे मागाहून काढलेले हिशोब जपूनच घ्यावेत पण दिशा तीच आहे. तिथेच असंही दिसलं की 65 च्या माणसात लस जशी चालते तशी 75 च्या माणसात चालत नाही, वयाबरोबर असर उतरतो, त्यामुळे घ्यायचीच असेल तर ऐंशीची वाट बघण्यात अर्थ नाही. साठीचा धडधाकट, सिगारेट न ओढणारा, कुठलीही गोळी चालू नसलेला माणूस असेल तर घेतली तर चांगलं, नाही घेतली तर आभाळ कोसळणार नाही. मोठ्यांना ही सरकारी योजनेत मिळत नाही, खिशातून जाते, तेव्हा घरात पैसे एकाच सुईचे असतील तर ती कोणाला द्यायची हे या हिशोबाने ठरवा, घरातला मोठा म्हणून आपोआप आजोबांना आणि दमेकरी आजी तशीच असं करू नका.

सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांसाठी वेगळं लिहितेय. म्हातारपण आलेलं नाही अशा, इतर आजार नसलेल्या माणसांत न्युमोकोकस रक्तात जाण्याचं सगळ्यात मोठं कारण सिगारेट निघालं. आणि थंडीत बंद खोलीत सिगडी घेऊन बसायची आपल्याकडची सवयही सोडा, धूर छातीला वाईट आहेच पण त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच माणसं जातात.

कुठली सुई आणि किती वेळा, तर 20 ची जोडलेली मिळाली तर एकच पुरते. 13 किंवा 15 ची घेतली तर साधारण एक वर्षाने 23 ची, प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर डॉक्टर हे अंतर आठ आठवड्यांवर आणतात. आधी 23 ची झाली असेल तर वर्षभर थांबून मग जोडलेली. त्रास म्हणाल तर दंड दुखतो, थोडी कणकण येते, एक-दोन दिवसांत जाते. फ्लूची लस त्याच दिवशी दुसऱ्या दंडावर घेता येते, आणि ती दर वर्षी घ्यावी लागते हे विसरू नका, फ्लूच्या पाठोपाठच हा जंतू उतरतो. सुई घेतली की डब्यावरचं नाव, तो आकडा आणि तारीख यांचा मोबाइलने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका, कारण चार वर्षांनी दुसरा डॉक्टर विचारतो की 13 ची घेतली होती का 23 ची, आणि तेव्हा कोणालाच आठवत नाही.